पडद्याचा उजेड

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बायकोला लॅपटॉपचा उजेड टोचतो. "मी आता यावर बसायचीच नाही," असं ती परवा म्हणाली. तिने लेकीसाठी लिहायला घेतलेल्या स्वतःच्या माहेरच्या आठवणी अर्ध्यावरच राहणार, या धास्तीने मी कामाला लागलो. भाचीने आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलंय. त्यात बटणं दाबण्यापेक्षा आज्ञा टाइप करण्यात मला उगीच मोठेपणा वाटतो. उजेड कमी करायच्या आज्ञेत आकड्याच्या जागी मी ठसक्यात शून्य लिहिलं आणि पडदा काळाकुट्ट झाला.

"अहो, कमी करायला सांगितलं होतं, घालवायला नाही!"

मग तिनेच टॉर्च आणून त्याचा झोत पडद्यावर तिरका धरला. पडद्यामागचा दिवाच तेवढा विझला होता; अक्षरं पुसट दिसू लागली, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून ती वाचू लागलो. तेव्हा वाटून गेलं, माझं घरातलं बोलणंही असंच आहे. एक तर आवाज चढतो, नाही तर दोन दिवस अबोला. मधले आकडे मी कधी वापरलेच नाहीत.

"किती ठेवू?" मी विचारलं. हे आधीच विचारायला हवं होतं.

मी एकेक आकडा टाकत गेलो.

"अजून थोडा... जरा कमी... हां, बास."

तेवढ्या उजेडात मला डोळे बारीक करावे लागत होते, पण आकडा मी तोच ठेवला.

"उठा आता तिथून," ती म्हणाली, आणि लिहायला बसली.