सावकाश वाचा, चिटणीस

पत्र आलं की तांडेल आधी दोन्ही हात खांद्यावरच्या फडक्याला खसखसून पुसायचे. वाचता येत नव्हतं, तरी पुसायचे. मग कागद माझ्या हातून घेऊन उलटसुलट बघायचे, क्लबच्या शिक्क्यावरून बोट फिरवायचे, आणि पुन्हा माझ्याच हातात देऊन समुद्राकडे तोंड करून बसायचे.

"वाचा चिटणीस. पण सावकाश वाचा. होडी काय सुटत नाय."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली ठेवलेल्या असत, म्हणून ते तसं म्हणत. आणि पत्रात असायचं काय? त्यांना कामावरून काढल्याचं. लिहिणारा मीच, कुलाब्याच्या कोळीवाड्यात नेऊन पोचवणारा मीच, वाचून दाखवणाराही मीच. गिरगावातल्या आमच्या फुटबॉल क्लबचा मी चिटणीस होतो. वय चोवीस, फोर्टातल्या एका पेढीत कारकून, अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरानंच माझा घात केला.

गोष्ट प्लेग यायच्या आधीची. गिरगावातली जुनी माणसं तेव्हा फुटबॉल म्हटलं की नाक मुरडत. चेंडू कातड्याचा, त्याच्या आत काय भरलेलं असतं ते विचारूच नका. आमच्या खेळाडूंना चाळीच्या नळाखाली आंघोळ केल्याशिवाय कोणी घरात घेत नसे. तरी पोरं हटत नव्हती. खेळ पावसाळ्यातला, मैदान किल्ल्यासमोरचं, सगळं होतं. नव्हता तो शिकवणारा. तेव्हा कोणीतरी या कोळ्याचं नाव काढलं. गोऱ्या शिपायांच्या बराकी कोळीवाड्याला लागून. त्यांचा चेंडू समुद्रात गेला की हा गडी लहानपणापासून होडी घालून काढून आणायचा. पुढे शिपायांत एखादा कमी पडला की ते यालाच उभा करू लागले. असा पंधरा-वीस पावसाळ्यांत खेळ शिकला. एरवी आपल्या नाखव्याच्या, म्हणजे मालकाच्या, होडीवर तांडेल होता. होडी हाकणारा, बाकीच्या खलाशांचा म्होरक्या. म्हणून आम्हीही तांडेलच म्हणायचो. पावसाळ्यात मासेमारी बंद आणि आमचा खेळ सुरू, त्यामुळे दोघांचंही जमून गेलं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी. पहिले आठ दिवस चेंडूला हातच, म्हणजे पायच, लावू दिला नाही. नुसतं पळा, थांबा, शेजारचा कुठे आहे ते न बघता सांगा. पोरं वैतागली. मग चेंडू दिला तो जमिनीवर ठेवूनच खेळायचा, याने त्याला, त्याने याला. कोणी हौसेने उंच लाथाडला की तांडेल त्याच्याजवळ जाऊन शांतपणे म्हणत, "जाळं पाण्यात टाकायचं असतं बाबा. आभाळात कोणता मासा हाय?"

आता आमची कमिटी. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कमिटीत बसला असाल, त्यामुळे फार सांगायला नको. अध्यक्ष एक वकील, आम्ही त्यांना रावसाहेब म्हणायचो. आयुष्यात चेंडूला पाय लागला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात हातखंडा. चेंडू उंच गेला की लोक टाळ्या देतात, आपला का जात नाही, हा त्यांचा मुख्य प्रश्न. दोन पावसाळ्यांत त्यांनी तीन मॅनेजर बदलले. पहिला डॉक्टर, दुसरा लाकडाचा व्यापारी आणि तिसरे त्यांचे सख्खे मेहुणे. हे मेहुणे येताना आपला मुलगा बरोबर घेऊन आले आणि त्याला गोलात उभा केला. पोरगा स्वभावाने गोड. पण कातड्याचा चेंडू अंगावर आला की सोवळ्यातल्या माणसासारखा बाजूला व्हायचा.

मॅच हरलो की बैठक. बैठकीत चहा, चहानंतर ठराव, ठरावानंतर रावसाहेब माझ्याकडे वळून म्हणणार, "चिटणीस, लिहा." पहिल्यांदा काढलं ते परळच्या गिरणीवाल्या पोरांकडून हरलो म्हणून. बदली एक गोव्याचा बँडमास्तर आणला. तो पोरांना शिट्टीवर कवायत करायला लावायचा. तीन आठवड्यांत त्याला काढून तांडेलांना परत बोलावलं. दुसऱ्यांदा काढलं ते जिंकल्यावर! शोभेसं खेळले नाहीत, असं कारण पत्रात मी माझ्या हाताने लिहिलंय. तिसऱ्यांदा बरोबरी झाली म्हणून. दर वेळी नवा माणूस यायचा, पोरांना आधीचं सगळं विसरायला सांगायचा, चार मॅचेस घालवायचा, की पुन्हा तांडेल. माझं डोकं उठायचं. बैठकीत एकदा बोललो, की रोप रोज उपटून मूळ धरलं का बघत बसलात तर ते धरणार कधी? रावसाहेब म्हणाले, दृष्टांत चांगला आहे, पण ठराव लिहून घ्या. लिहून घेतला.

तांडेल मात्र कधी चिडले नाहीत. पत्र ऐकून झालं की विचारायचे, "अक्षर तुमचंच ना?" हो म्हटलं की मान हलवायचे. "छान असंल." मग कागदाची चौकोनी घडी घालून मेणकापडात ठेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर. नव्या माणसाला एकेक पोरगा दाखवून द्यायला. मी म्हटलं, अहो, काढलंय ना तुम्हाला? तर म्हणाले, मला काढलंय, पोरांना थोडंच काढलंय.

त्यांना हवं होतं ते एकच. एकदा मैदानावरून परतताना मला म्हणाले, "मला एक आखा पावसाळा द्या, चिटणीस. हीच अकरा पोरं आणि मीच. मग हरलो तर मीच येत नाय."

दुसऱ्या वर्षी त्या एका पावसाळ्याच्या अगदी जवळ आलो होतो. आषाढात परत आल्यावर त्यांनी मेहुण्यांच्या मुलाला बाहेर बसवलं आणि गोलात एका छापखान्यातल्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला उभा केला. ओळीने पाच मॅचेस जिंकलो. नेटिव्ह क्लबांच्या स्पर्धेची शेवटची मॅच तेवढी राहिली, ती भाद्रपदात, परळच्याच पोरांशी.

आणि इथेच अडचण होती. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला की होड्या सुटतात. त्या दिवशी नाखवा पुढच्या आठ महिन्यांच्या जागा देऊन टाकतो. हजर असेल त्याची जागा, नसेल त्याची दुसऱ्याला. तांडेलांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. मॅचसाठी थांबलो तर होडी जाते, होडी धरली तर पोरं जातात. क्लबाने वर्षाचं काम दिलं तर थांबेन, असं ते म्हणाले. मी ते कमिटीपुढे मांडलं.

कमिटीने काय करावं? त्यांना काढलं! मेहुण्यांचा मुलगा बाहेर बसला होता ना. शेवटच्या मॅचला माणूस भारदस्त हवा म्हणून पलटणीतून निवृत्त झालेला एक गोरा सार्जंट ठरवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! "चिटणीस, लिहा." मी लिहिलं. अक्षर मेलं नेहमीसारखंच सुंदर आलं.

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा तांडेल होडीच्या बुडाला तेल चोपडत होते. मला बघून लगबगीने उठले. हात पुसले. शिक्क्यावरून बोट फिरवलं. समुद्राकडे तोंड करून बसले.

"वाचा चिटणीस. सावकाश वाचा."

मी कागद उघडला आणि माझ्याच्याने ते वाचवेना. मनात आलं, पौर्णिमेला नऊ दिवस आहेत, कमिटीची बैठक सहाव्या दिवशी आहे. तेवढ्यात रावसाहेबांचे पाय धरीन, पोरांना घेऊन त्यांच्या दारात बसेन, पण हा ठराव फिरवून घेईन. आणि मी वाचू लागलो. कमिटी आपल्या कामावर संतुष्ट आहे. आपल्याला वर्षभरासाठी कायम करत आहे. एकदा तोंड उघडल्यावर शब्दाला शब्द लागत गेला, कारकुनाला काय कमी! तांडेलांनी घराकडे वळून बायकोला हाक मारली आणि मला पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा वाचलं. ती माउली आत गेली आणि माझ्या हातावर साखर ठेवून गेली.

सहाव्या दिवशी बैठक झालीच नाही. रावसाहेबांकडे सत्यनारायण होता. तीर्थ-प्रसाद घेताना मी विषय काढला, तर मेहुणे म्हणाले, हे काय आता इथे? पौर्णिमेनंतर बघू. तेव्हा तरी मी उठून कुलाब्याला जायला हवं होतं. तीन दिवस होते हाताशी. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. ट्राम माझ्या दारावरून जात होती हो, पायी जायचं होतं असंही नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, एवढंच. पौर्णिमेला समुद्रात नारळ पडले, होड्या सुटल्या, तांडेलांच्या होडीवर दुसरा तांडेल गेला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले. धुतलेला सदरा, डोक्यावर नवी लाल टोपी. मैदानात सार्जंट उभा, शेजारी रावसाहेब छत्री घेऊन.

"तू इथे कसा?" रावसाहेब म्हणाले. "पत्र मिळालं नाही का?"

"मिळालं ना साहेब." तांडेलांनी हसत हसत मेणकापड उलगडलं. "हे काय."

रावसाहेबांनी कागद घेतला आणि खणखणीत आवाजात, कोर्टात वाचतात तसा, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला.

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खाली चिखलात बघत होतो, तरी मला ते कळलं. माझी चिटणिशी जाणार, चार लोकांत तोंडाला काळं लागणार, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू? त्यांच्या होडीचा विचार मला त्या क्षणी आलाही नाही.

"हां, बरोबर," ते म्हणाले. "यांनी असंच वाचलं होतं. माझ्याच डोक्यात घोळ झाला साहेब."

आणि मग ते सार्जंटाला घेऊन अकरा पोरांच्या रांगेपुढून चालू लागले, नेहमीसारखेच. सार्जंटाला मराठी येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वाक्याचं इंग्रजी मला करून सांगावं लागलं. याचा डावा गुडघा दुखतो, पहिल्या अर्ध्यात पळवू नका. याला ओरडलेलं चालत नाही. हा गोलातला, याच्यावर भरवसा ठेवा. शेवटचं वाक्य मी तोंडातल्या तोंडात सांगितलं. सार्जंटाने दोनदा विचारलं.

शेवटची मॅच आम्ही हरलो. गोलात मेहुण्यांचा मुलगा होता. सार्जंटालाही महिन्याभरात काढलं, ते पत्रही मीच लिहिलं.

त्यानंतर मी कोळीवाड्यात गेलो. तांडेल किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवत होते. होडी नसलेल्या माणसाला तेवढंच काम. मी माफी मागितली, रडलोही असेन. ते सुई थांबवून म्हणाले, "तुम्हाला माझं वाईट वाटलं, ते मला समजलं. पण चिटणीस, वाईट मी ऐकलं असतं. तीनदा ऐकलं होतं ना?"

मी उठून ट्राम धरली. ते आठ महिने त्यांनी जाळी शिवण्यात काढले.

पुढच्या ज्येष्ठात मी कमिटीत जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. चिटणिशीचा राजीनामा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की त्या माणसाला आखा पावसाळा द्या, कोणीही मध्ये काढणार नाही असं लिहून द्या, नाहीतर मी चाललो. मेहुणे जाऊन आता चौथा मॅनेजर आला होता, तो घाबरला. रावसाहेबही कंटाळले असावेत. ठराव झाला. मी रात्रभर तेच पत्र लिहीत होतो, सात कागद फाडले. तसं अक्षर माझ्या हातून पुन्हा कधी उतरलं नाही.

धावतपळत कुलाब्याला गेलो. होड्या नुकत्याच वर ओढल्या होत्या. तांडेल दारात बसले होते. मला बघून उठले, बसायला फळी पुढे केली. हात फडक्याला पुसले. पत्र घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

मी हात पुढे केला होता. ते पत्र माझ्या हातात परत आलं नाही. त्यांनी त्याची चौकोनी घडी घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "टपालघराबाहेर एक मुन्शी बसतो. त्याच्याकडून वाचून घेईन."

"अहो तांडेल, चांगलंच आहे त्यात. तुम्हाला कायम..." बोलता बोलता मला माझेच गेल्या वर्षीचे शब्द ऐकू आले.

"मागल्या वेळी पण चांगलंच होतं," ते म्हणाले. रागाने नाही. मग चहा घ्या म्हणाले, पाऊस यायच्या आत ट्राम गाठा म्हणाले.

त्या पावसाळ्यात ते आले नाहीत. मुन्शीने वाचून दाखवलं, की पत्र तसंच मेणकापडात राहिलं, मला माहीत नाही. मी रोज संध्याकाळी मैदानाच्या कुलाब्याकडच्या टोकाला उभा राहायचो. पुढच्या साली प्लेग आला, क्लब मोडला, कोळीवाडा रिकामा करून लोकांना कुठे कुठे हलवलं. मी दोनदा चौकशीला गेलो. त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती.

आता मी म्हातारा झालोय. चाळीत अजूनही कोणी ना कोणी कागद घेऊन येतं. गावाहून पत्र आलंय, तेवढं वाचून दाखवा म्हणतं. माझा चष्मा खिशातच असतो. मी म्हणतो, चष्मा सापडत नाही हो, दुसऱ्या कोणाला तरी विचारा.