बालगायिकेला जरा उशीर झाला

तीन आठवडे झाले. डोलवीच्या कंपनीत माझी फर्स्ट शिफ्ट सुटत होती आणि ज्योतीचा फोन आला. "मामा, आय गेली..." अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी विचारलं, "शनिवारच्या हळदीच्या नावांची यादी कुनाकं हाय?" रडता रडता ती म्हणाली, "तिच्या उशाखाली." चाळीस वर्षं जिच्या शेजारी ढोलकी वाजवली, त्या कुसुमच्या मरणाची बातमी मी अशी घेतली. तिने हे ऐकलं असतं, तर त्यावर गाणं रचून रोह्यापर्यंतच्या सगळ्या मांडवांत माझी अब्रू काढली असती. त्या शनिवारी हळदीत गायला दुसरी पार्टी गेली.

कुसुम म्हणजे आमच्या पार्टीची गायिका, आणि गाणीही तिचीच. ती नऊ वर्षांची असताना पेणला शेजारच्या हळदीत गाणाऱ्या बाईंचा घसा बसला, म्हणून हिला पालथ्या घमेल्यावर उभं केलं. मग ही खाली उतरायलाच तयार नव्हती म्हणे. त्याच वर्षी तिच्या वडिलांनी पेंटरकडून जाड कापडावर लिहून घेतलं, ‘बालगायिका बेबी कुसुम आणि पार्टी, पेण’. ते कापड इतकं टिकाऊ निघालं, की कुसुमचं लग्न झालं, ज्योती झाली, केस पांढरे झाले, तरी मागे तेच लागायचं. एकदा रोह्याला नवऱ्या मुलाच्या काकांनी तिला नखशिखांत न्याहाळून विचारलं, "बालगायिका कुठाय?" "मीच. जरा उशीर झाला यायला," म्हणत तिने पदर खोचला आणि माईक हातात घेतला.

आमच्याकडे हळदीच्या गाण्यात घरच्या सगळ्यांची नावं यावी लागतात. मामा, काका, आत्या, अगदी गेलेली माणसंसुद्धा. यजमानांकडून यादी मी उतरवून घ्यायची आणि टेम्पोत बसून कुसुमने गाणं बांधायचं. कोलाडला चहाला थांबेपर्यंत चाल तयार. नियम एकच... नाव पुरं घ्यायचं. लांबवलं तर चालतं, तोडलं तर माणूस दुखावतो. आणि अशाच एका हळदीत मी यादी उतरवताना काशीबाई आत्यालाच गाळलं. गाणं संपलं तशी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. आत्याशिवाय पहिली हळद कोण लावणार? नवरा मुलगा पाटावर ताटकळला. "उठ गो काशे," म्हणून सगळ्या बायका थकल्या. मी ढोलकीमागे जेवढा मावेन तेवढा लपलो.

कुसुमने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माईकवरून म्हणाली, "आत्याचा नाव मी मुद्दाम मागं ठेवलाय. येवढी मोठी आत्या एका ओळीत कुठं बसवू?" मग तिने उभ्या उभ्या आत्याचंच गाणं रचलं. आत्याच्या भाकऱ्या, आत्याचं भांडण, सासऱ्याला दिलेली उत्तरं... मागे बसलेल्या बायका माहिती पुरवत होत्या. आत्याने आधी पदरात हसू दाबलं, मग मान वळवली, शेवटी सासऱ्याचं कडवं चुकलं म्हणून स्वतःच दुरुस्त केलं. त्या गाण्याने कुसुमचं नाव झालं. त्यानंतर जिथे जाऊ तिथे एखादी आत्या आधीच भिंतीकडे तोंड करून तयार असायची. चूक माझी होती हे मात्र कुसुमने कधी कुणाला कळू दिलं नाही.

पण माझं नाव तिने गाण्यात घेतलं नाही. हे मला लागायचं, आता सांगायला हरकत नाही. शेवटच्या कडव्यात ती पार्टीची ओळख करून द्यायची. त्यात बेंजोवाला गणू यायचा, टेम्पोवाला बाळासुद्धा नावानिशी यायचा, आणि मी नुसता ‘ढोलकीवाला’. विचारलं की म्हणायची, "रुसून बघ की. आत्यांना जमतंय, तुला नाय जमत?" खरंच नाही जमलं. गाणं सुरू झालं की हात आपोआप ढोलकीवर पडायचे.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो. तिच्या खोलीत ज्योती ते कापड घडी करत होती. ‘बालगायिका’ आत दुमडलं गेलं आणि मला काय झालं कोण जाणे, मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

"मामा, काय झाला?"

"रुसलोय."

ज्योती हसली नाही. "नावासाठी ना?" म्हणाली. "आय भाकऱ्या थापताना रोज तुमचा नाव बसवून बघायची. थापांवर ठेका धरून. पुरुषोत्तम... ‘मेला ओळीत मावतच नाय,’ म्हणायची. मी बोलले, पुरशा म्हण नायतर. तर माझ्यावरच डाफरली, ‘त्याचा नाव तोडू?’ गेल्या महिन्यापर्यंत चालू होता तिचा."

चाळीस वर्षं जपलेला रुसवा, तोही त्या बाईने मला ठेवू दिला नाही. ज्योती चहा टाकायला आत गेली, चहा घेऊन आली, तरी मी भिंतीकडेच बघत होतो. वळलो असतो तर तिला माझे डोळे दिसले असते.