पद्मजाबाईंच्या डोळ्याचा फोटो

पोस्टातून निवृत्त झालेले श्यामसुंदर केळकर रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर गवतात पालथे पडलेले दिसत. हातात एक साधा, खिशात मावणारा कॅमेरा. मुलगी अवनी परदेशी जाताना घरी टाकून गेलेला.

त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंच्या नजरेच्या मधोमध डाग पडला, तेव्हा हे सुरू झालं. कुंड्यांतली फुलं दिसेनात. "कडेकडेचं दिसेल, मधलं जात राहील," डॉक्टर म्हणाले होते. कॅमेऱ्यावर फुलाच्या चिन्हाचं बटण आहे आणि ते दाबलं की अगदी बोटभर अंतरावरूनही चित्र स्वच्छ येतं, हे श्यामसुंदरांना कळलं. मुंगी, तेरड्याची कळी, कोळ्याच्या जाळ्यातलं दव. श्वास रोखून, वारा पडायची वाट बघत ते फोटो काढत आणि घरी येऊन टीव्हीला वायर जोडत. पद्मजाबाई खुर्ची पुढे ओढून, मान तिरकी करून बघत.

"अगं बाई, मुंगीला केस असतात?"

"असतात म्हणजे! मोजून घे."

"चाळीस वर्षं समोर वावरणारी बायको दिसली नाही तुम्हाला, आता मुंगीचे केस दिसायला लागले."

दोघं हसत. दोन वर्षं अशी बरी गेली.

मग एका सकाळी त्यांना फुलपाखरू मिळालं. पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले. इतका चांगला फोटो आधी कधी साधला नव्हता. "पिवळंधमक फुलपाखरू आहे बघ," म्हणत त्यांनी टीव्ही लावला आणि ते चहा ओतायला आत गेले.

"अहो, काय सुंदर पिवळा आहे हा!" बाहेरून आवाज आला.

कप घेऊन ते आले. वायर निसटली होती. पडद्यावर नुसता निळा रंग होता. पद्मजाबाई मान तिरकी करून त्याकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघत होत्या.

श्यामसुंदरांनी कप खाली ठेवले.

"पद्मा, कधीपासून?"

त्यांच्या आवाजावरूनच त्या समजल्या. "दिवाळीपासून कडेचंही काही दिसत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही टेकडीवर जायचं सोडलं असतंत. दिवसभर माझ्यासमोर बसून राहिला असतात."

त्या दिवशी घरात फारसं कुणी जेवलं नाही. संध्याकाळी पद्मजाबाईच म्हणाल्या, "माझ्या डोळ्याचा काढा ना एक. काय झालंय ते तरी बघा."

खिडकीशी बसवून, बोटभर अंतरावरून त्यांनी फोटो काढला. मोठा करून पाहिला. तपकिरी बुबुळ, त्यातले बारीक रेशमी धागे, पाण्याची पातळ चकाकी. कुठे ओरखडा नाही, डाग नाही.

"काय दिसतंय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"काही नाही गं," श्यामसुंदर म्हणाले. "अगदी चांगला आहे." आणि मग ते रडले, आवाज न करता. पद्मजाबाई चाचपडत त्यांचा हात शोधत राहिल्या.