लेव्हलआबांचा व्हाळ

बाजार किती लांब, असं विचारलं तर लेव्हलआबा अंतर सांगत नसत. "बाजार? सात मीटर खाली." माणसं हसत. रेल्वेची आखणी झाली तेव्हा साहेबाच्या दुर्बिणीसमोर उंची मोजायची पट्टी धरून ते खारेपाटणच्या आसपासचे डोंगर चढले होते. त्या कामातून त्यांच्याकडे एक नकाशा राहिला. त्यात नदी, काठावरची आमची वाडी, रुळांची रेघ आणि चढ-उताराच्या तपकिरी रेषा.

नकाशा पत्र्याच्या नळीत असे. कुणी बांध घालायला निघाला की आबा तो अंगणात पसरत. "पाणी अर्ज वाचना नाय रे, उतार वाचता." लग्नाला गेले तरी अक्षता टाकण्याआधी खांब बघत. "नवरो सरळ आसा, मांडव कललो."

आमचा मधला व्हाळ रुळांखालच्या मोरीतून नदीला मिळतो. ट्रक उभे करायला जागा हवी म्हणून एका ठेकेदाराने मोरीच्या तोंडावरच भराव टाकला. पावसाचं पाणी आता वाडीत घुसणार, आणि सगळ्यात खालचं घर आबांचं. अर्ज मी लिहिला. वाडीची पत्रकं लिहून माझा हात तयार होता. आबा म्हणाले, "व्हाळ लिही गो चेडवा. नकाशात तसाच आसा." मी 'ओढा' लिहिलं. साहेबलोकांपुढे मालवणी कशाला, हा माझा शहाणपणा.

कचेरीचं उत्तर आलं: सदर ठिकाणी 'मधला ओढा' नोंदीत आढळत नाही. वाहतं पाणी ज्यांना दिसत नाही, त्यांना चुकलेला शब्द बरोबर दिसतो. पण तो त्यांच्या हातात दिला मीच.

पाऊस काही सुनावणीसाठी थांबला नाही. आबांच्या मातीच्या भिंती बसल्या. लेक त्यांना पिंगुळीला घेऊन गेली. निघताना त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "चूक तुझीच," म्हणाले. "आता नीट लिही."

दुसऱ्या अर्जात 'व्हाळ' लिहिलं, सोबत नकाशा जोडला. सुनावणीला आबा आले. साहेबांनी विचारलं, "व्हाळ म्हणजे मराठीत काय?"

"ता मराठीच आसा, सायबांनू."

भराव काढायचा हुकूम निघाला. मोरी मोकळी झाली त्या दिवशी मी पिंगुळीला फोन लावला.

"व्हाळ वाचलो मां?"

"वाचला, आबा. कधी येताय?"

"येव खंय? थंय घर खंय आसा?"

घर होतं. मी 'ओढा' लिहीपर्यंत.