साडेबाराचा मुहूर्त

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला आमचा मामा झोपून राहिला आणि त्याने मुहूर्त चुकवला, ही गोष्ट आमच्या नात्यात लहानथोरांना पाठ आहे. ती खरी नाही. हे इतकी वर्षं एकट्या मलाच ठाऊक होतं. बायकोलाही मी कधी सांगितलं नाही.

मामा म्हणजे आईचा एकुलता भाऊ. वसईजवळ होळी नावाच्या गावात त्याची वाडी होती. केळी, मोगरा, थोडी पालेभाजी. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचा, "बोहल्यावर झोप लागली तर पोरीनं काय करायचं?" ही थट्टा नव्हती, अंदाज होता. रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. पाय सारखे हलत. "पायांत मुंग्यांची जत्रा भरते रं," असं तो सांगायचा. पहाटे बाजारात भाजीच्या पाट्या नेणाऱ्यांत त्याचा नंबर नेहमी पहिला, कारण उठण्याचा प्रश्नच नसे. मग सकाळी नवाच्या सुमाराला जी झोप यायची ती जागा बघत नसे. विहिरीचा कठडा, न्हाव्याची खुर्ची, काही चाले. एकदा शेजारी कुणी वारलं तेव्हा भेटायला गेला आणि बसल्या जागी झोपला. घरची माणसं रडायची थांबली आणि त्याला उशी शोधू लागली.

बरं, जागा असला तरी हजर असेलच असं नाही. विहिरीवरचा पंप सुरू करायचा आणि विसरायचा. शेजारच्या वाडीतला तात्या बांधावरून ओरडायचा, "अरे ए, माझा पालक पोहायला लागला! बंद कर ते पानी!" मामा धावत यायचा, मनापासून ओशाळायचा. "बंद करायलाच निघालेलो, तात्या. वाटेत खंड्या दिसला. असा निळा, असा निळा..." तात्याचा राग तिथेच संपायचा, कारण खंड्याचं वर्णन पुढे पाव तास चालायचं आणि पंप तोवर सुरूच असायचा.

पण तोच पंप बिघडला की मामा त्याच्यापुढे मांडी घालून बसायचा, तो जेवायलाही उठायचा नाही. पाच-पाच तास. पंचक्रोशीतले बिघडलेले पंप त्याच्याकडे येत. लोक म्हणायचे, "मनात आनलं तर करतो की! नाटकं आहेत सगळी." आमच्या घरातही हेच मत होतं. मनात आणणं हेच त्याच्या हातात नसेल, असं आमच्या मनात कधी आलं नाही.

आम्ही राहायला गोखिवऱ्याला, फ्लॅटमध्ये. वडील मुंबईत नोकरीला. मी तिथल्याच एका कारखान्यात टाइमकीपर लागलो होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहायचं माझं काम. वेळेच्या बाबतीत माझ्या शब्दाला घरात वजन होतं, हे पुढे फार उपयोगी पडलं.

नव्वदीच्या सुरुवातीला ताईचं लग्न ठरलं. ठाण्याची माणसं, शिकलेली, हळू बोलणारी. आम्ही त्यांच्यासमोर उगाचच 'अहो', 'आपण' करू लागलो होतो. हळदीच्या दिवशी सकाळी नवऱ्या मुलाचे काका उष्टी हळद घेऊन आले. मामा दोन टोपल्या मोगरा घेऊन आधीच पोचला होता आणि अर्थातच दारासमोरच्या खुर्चीत झोपला होता. तोंड उघडं, मांडीवर वडीची बशी. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "हे... घेतात का?"

"नाही हो," मी म्हणालो, "दमलेत."

मामाने आयुष्यात ताडीला हात लावला नव्हता. पण त्या माणसाच्या नजरेतला तो प्रश्न मला दिवसभर टोचत राहिला. आमच्यात मुलीला मंडपात मामाने आणायचं असतं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं असतं. मुहूर्त होता दहा पन्नासचा. म्हणजे मामाच्या झोपेचा ऐन हंगाम. ताईच्या मागे तो डुलतोय, काका बघतायत, आणि भटजी सावधान म्हणताना मामा तेवढा सावध नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

दुपारी तो होळीला परत निघाला. सायकलला रिकाम्या टोपल्या बांधत होता. मी खाली गेलो.

"मामा, उद्या साडेबाराचा मुहूर्त. पत्रिका हरवलीस ना?"

"पंपाच्या खोलीत कुठंतरी आहे रं."

"मग लक्षात ठेव. साडेबारा. सकाळची झोप नीट काढ आणि मग ये."

त्याचं तोंड उजळलं. "साडेबारा? मंग तर मी टक्क जागा असेन! सुमीचं नशीब चांगलं आहे." सुमी म्हणजे ताई. मी मान डोलावली. हे त्याच्याच सोयीसाठी चाललंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि ती मला बऱ्यापैकी पटलीही होती.

दुसऱ्या दिवशी मामा दिसेना म्हणून आई कावरीबावरी झाली. होळीची मंडळी म्हणाली, आम्ही टेंपोत बसलो तेव्हा तो बाजारातून आलाच नव्हता. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. आईच्या चुलतभावाने ताईला मंडपात आणलं. ती मागे वळून वळून बघत होती. ज्यांच्या भीतीने मी हा उद्योग केला ते काका पहिल्या रांगेत बसले होते. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांचा डोळा लागला आणि ते चांगले घोरू लागले. सगळे कौतुकाने म्हणाले, दगदग झाली हो त्यांना.

सव्वाबाराला मामा आला. त्याच्या हिशेबाने पाव तास आधीच. नवा सदरा, डोक्याला तेल, हातात रुमालात बांधलेला गजरा, डोळे लख्ख उघडे. पहिली पंगत उठत होती. तो दारात थांबला आणि म्हणाला, "आधीच जेवनं?"

आई त्याच्या अंगावर धावली. "झोपलास ना रे! माझ्या लेकीच्या लग्नालासुद्धा झोपलास!"

"नाय गं, साडेबाराला..." त्याने माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात जिलब्यांचं ताट होतं. मी म्हणालो, "मामा, दहा पन्नास सांगितलं होतं ना तुला?"

तो एक क्षण घोटाळला. दुसरा कुणी भांडला असता. पण ज्याला जन्मभर 'तुझं लक्ष कुठं असतं' हे ऐकायची सवय, तो स्वतःच्या कानांवर कशाला विश्वास ठेवेल? "सांगितलं असशील," तो म्हणाला. "माझंच ध्यान नसेल." गजरा त्याने आईच्या हातात दिला आणि न जेवता सायकल काढली.

नात्यात पुढे 'वेळ विसरला' हे राहिलं नाही, 'झोपून राहिला' एवढंच राहिलं. ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं. तिच्या मुलाच्या बारशाला, जावळाला, मामाला आमंत्रण नाही. मामानेही एकेक गोष्टीतून अंग काढून घेतलं. वाडी तात्याला कसायला दिली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ज्याला भाचीचं लगीन सांभाळता आलं नाय त्यानं केळी काय सांभाळायची?" मी ऐकायचो. दर दिवाळीला फराळाचा डबा नेऊन द्यायचो. माझ्यासारखा भाचा नाही, असं तो गावभर सांगे.

दहा-बारा वर्षांनी माझी मुलगी दुसरीत गेली आणि शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. वर्गात लक्ष नाही, बाकावर झोपते. घरी मात्र झोपेच्या नावाने शिमगा, पाय सारखे चालू. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं विचारलं आणि मग कागदावर चौकोन, गोल काढायला सुरुवात केली. बाप्यांना चौकोन, बायकांना गोल. "तुमच्या घराण्यात असं आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "असं काय करता? मामा?"

"तो वेगळा प्रकार. आळशी होता तो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "आळशी असं मला इथे लिहिता येत नाही. त्यांच्याबद्दल सांगा." बायकोनेच सांगितलं. खंड्या, पंप, मुंग्यांची जत्रा, सगळं. बाई ऐकत गेल्या. म्हणाल्या, "लक्ष न टिकणं आणि झोपेचं घड्याळ बिघडणं, ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसात सापडतात आणि एकाच घरातून खाली उतरतात. दोन्हींच्या मुळाशी काही सामाईक वारसा असावा असं मानतात. सगळा उलगडा अजून झालेला नाही. पण हा काही स्वभावातला खोटेपणा नव्हे." मग मामाचा चौकोन काढून त्यांनी तो पेन्सिलीने भरला. खोटेपणाचा चौकोन भरायचा असता तर तो खालच्या ओळीतला, माझा होता.

त्याच रविवारी मी होळीला गेलो, ठरवून. मामा खाटेवर पाय हलवत बसला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो आधी हसला. "म्हंजे आमची इस्टेट नातीला गेली म्हन की!" मग खाटेवरून पुढे सरकला.

"बाळा, मंग सुमीच्या लग्नाचा टायम माझ्या डोक्यात उलटा बसला, तोपन या दुखन्यापायीच?"

मी सांगायलाच आलो होतो. तोंडही उघडलं होतं.

"हो मामा," मी म्हणालो. "त्यापायीच."

त्याला इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाला, "देवा! मंग सुमीला सांग रं एवढं. मामानं मुद्दाम नाय केलं म्हनावं." मी हो म्हणालो. नंतर जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा त्याने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "ताई कामात असते रे." तिला हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागेल, म्हणून मी तेवढंही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मामा गेला. सकाळी नऊ वाजता, झोपेत. ताई ठाण्याहून आली. तिरडीपाशी उभी राहून म्हणाली, "मामा माझ्या वेळेला आले नाहीत. मी बघा आले." मी पुढे होऊन तिरडीला खांदा दिला.

माझी मुलगी औषधाने आणि शिस्तीने बरी सावरली आहे. शाळेने चिठ्ठ्या बंद केल्या. ताई ठाण्यालाच असते, सणासुदीला भेटते. मुहूर्त मामा विसरला नव्हता, चुकीचा मीच सांगितला होता. एवढं तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.