डोमाझिरचा च

नाव: डोमाझिर. राहणार: त्वेर (स्वतःच्या सांगण्यावरून). धंदा: पिंपे बनवणे. उंची: मध्यम. दाढी: एक. दात: बहुतेक शाबूत, पैकी एक दुखरा (हेही स्वतःच्या सांगण्यावरून). सोबत: चार गाड्या धान्य, जंगलातल्या मठासाठी. सदर इसम नॉव्हगोरॉडचा नसल्याची रीतसर परीक्षा घेऊन खात्री करण्यात आली आहे. सबब जाऊ द्यावे.

तोर्झोकच्या नाक्यावर भूर्जाच्या सालीवर कोरलेला हा परवाना नॉव्हगोरॉडमधल्या आमच्या सुतारआळीत अजून जपून ठेवला आहे. त्यातली दाढी खरी आहे. बाकी डोमाझिर जन्मला माझ्या शेजारच्या घरात, म्हातारा झाला तो तिथेच, आणि मधल्या काळात सभेची घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी हजर राहून सगळ्यांच्या नंतर गप्प बसला.

आमच्याकडे राजा सभेत नेमतात आणि पसंत पडला नाही तर त्याला रस्ता दाखवतात. त्या वर्षी ज्याला रस्ता दाखवला, तो रस्त्यातच बसला. तोर्झोक हे आमचेच गाव, आणि खालच्या मुलखातले धान्य तिथूनच वर येते. राजाने तिथे नाका बसवला: नॉव्हगोरॉडचा माणूस सापडला की माल राजाचा आणि माणूस बेडीत. नाताळ येईतो आळीत पाइनच्या सालीच्या भाकऱ्या सुरू झाल्या. शेजारच्या प्स्कोव्ह शहरवाल्यांना आम्ही धाकटे भाऊ म्हणतो; त्यांच्याकडे धान्य मागितले. धाकट्या भावांनी कळवले की भूक त्यांनाही लागते.

तेव्हा डोमाझिरची बायको नेझ्का हिच्या खालच्या मुलखातल्या, त्वेरकडच्या मावसभावाने धान्य देऊ केले. ते तोर्झोकवरून आणायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

"अहो, तिथे तोंड उघडू नका," नेझ्का म्हणाली. "एरवी घरात काम सांगितलं की जसे गप्प बसता, तसेच बसा."

कारण आमचे गाव तोंडात असते. जगात च दोन आहेत, एक चिमट्यातला आणि एक चुलीतला. आम्हाला देवाने चुलीतलाच दिला, आणि चिमटाही आम्ही त्यावरच भागवतो. डोमाझिरने वाटेत बसून च नसलेले शब्द जमवले. आयुष्यात प्रथमच तो बोलण्याआधी विचार करत होता.

नाक्यावर मिरोन नावाचा सरदार होता, दूर ओका नदीकडचा. शेजारी त्याचा लेखनिक ओनिसिम सालीवर कोरत बसला होता. तो तोर्झोकचाच.

"नाव?"

"डोमाझिर."

"गाव?"

"त्वेर. धान्य मठाला नेतोय."

"गाड्या किती?"

डोमाझिरने मागे पाहिले. एकामागे एक बांधलेल्या होत्या त्या तेवढ्याच होत्या.

"तीन," तो म्हणाला. "आणि एक."

"म्हणजे किती?"

"दोन आणि दोन, सरदार."

"मी इथे बेरीज शिकायला बसलोय का? एका शब्दात सांग."

"तिनाहून जास्त."

"पाच?"

"नाही, नाही. त्याहून एक कमी." आणि डोमाझिरने अंगठा दुमडून पंजा पुढे केला.

"बोटं मलाही आहेत. तोंडाने सांग."

"दात दुखतोय, सरदार."

"मघाशी डावा गाल धरला होतास, आता उजवा."

"फिरता दात आहे."

मिरोन उठून उभा राहिला. "म्हण, चार."

डोमाझिरला आळीतल्या भाकऱ्या आठवल्या. त्याने जीभ मागे ओढली, टाळूला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "त्सार."

घोडे फुरफुरले. मिरोनला या बाजूचे सगळेच लोक तोंडात गरम लापशी धरून बोलतात असे वाटायचे, म्हणून तो लेखनिकाकडे वळला. "ओनिसिम, तू इथला. नॉव्हगोरॉडवाल्यांचं बोलणं जन्मभर ऐकलंयस. सांग, हे दुखणं दाताचं की गावाचं?"

ओनिसिमने कानामागे हात धरला. "पुन्हा म्हण."

"त्सार."

ओनिसिम प्रामाणिक माणूस होता. राजाच्या नोकरीत शिरताना त्याने क्रॉसचे चुंबन घेऊन शपथ वाहिली होती. त्याने तो शब्द ओठांतल्या ओठांत स्वतःही म्हणून पाहिला.

"बरोबर म्हणाला की," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट."

"नक्की?"

"सरदार, माझा जन्म इथला. मला नाही कळणार तर कुणाला?"

मिरोनने हात हलवला.

धान्य आळीत पोचले. नेझ्काने घरोघर वाटले, आणि पुढची चाळीस वर्षे डोमाझिर प्रत्येक सभेत सांगत राहिला की खालच्या मुलखातले चोख बोलणे आपल्याला येते, तसे राजाच्या दप्तरी लिहिलेले आहे.

लिहिलेले आहेच. फक्त वर परवाना उतरवून घेताना मी एक शब्द दुरुस्त केला आहे. सालीवर ओनिसिमच्या हातचे 'त्सार गाड्या' असे आहे.