रीमची बीजं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी जात नाही ते कामामुळे. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटत नाही.

आधी काम सांगते — टाळाटाळ करतेय म्हणा हवं तर. इथे आखातात, अल ऐन शहरातल्या एका लॅबमध्ये मी शेळ्यांच्या प्रजननाचं काम करते. कापलेल्या शेळीचे अंडाशय थर्मासमध्ये, कोमट सलाइनमधून आमच्याकडे येतात. त्यातली कच्ची स्त्रीबीजं सुईने काढायची, डिशमध्ये ठेवायची आणि इन्क्युबेटरमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत पिकू द्यायची. पिकली तर त्यांचा गर्भ करून दुसऱ्या शेळीच्या पोटात ठेवता येतो. म्हणजे शेळी गेली तरी तिचं करडू जन्माला येऊ शकतं. पण बीज फार नाजूक. सेंटच्या वासानेही नासतं, म्हणून लॅबमध्ये सेंट-अत्तराला सक्त बंदी. सुजा, माझी सहकारी, एकदा केसांना वासाचं तेल लावून आली, तर मी तिला सगळ्यांदेखत दारातूनच परत पाठवलं होतं. केवढा तोरा होता माझा!

आणि रीम? रीम ही बू हमद नावाच्या एका म्हाताऱ्या अरबाची शेळी. गावाबाहेर त्यांचा जनावरांचा वाडा आहे. त्यांच्या बायकोने ती बाटलीने दूध पाजून वाढवलेली. बायको गेली, शेळी मागे राहिली. तिला सगळे बोकडच झाले, वंश पुढे न्यायला एकही मादी नाही. मग ती पडली, पाठीचा कणा मोडला. बू हमदनी तिला स्वतःच्या हातांनी हलाल केलं आणि ते अंडाशय घेऊन लॅबकडे निघाले.

त्यांचा फोन आला तेव्हा मी मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला बसले होते. आंब्याची डाळ खाऊन झाली होती, गुलाबपाणी शिंपडून झालं होतं, आणि हातावर अत्तरही — इथलं अस्सल ऊद, साबणाला दाद न देणारं. सुजाला फोन करायचा, एवढंच करायचं होतं. ती लॅबपासून हाकेच्या अंतरावर राहते. पण तिला सांगणार काय? की आज मीच अत्तर लावून बसलेय? नाही केला फोन. साडीवर गाऊन चढवला, मनगट खसाखसा घासलं, ग्लोव्ह्ज घातले. तरी वास येत होता. मला येत होता — हे लक्षात ठेवा. अंडाशय मात्र छान होते, हाताला ऊब लागावी असे.

दुसऱ्या दिवशी डिश पाहिली. पिकलेल्या बीजाभोवतीच्या पेशी कशा भरगच्च फुलून येतात. रीमची बीजं आकसून काळपट झाली होती. शेळीचं वय झालं असेल, असं क्षणभर वाटलं. पण त्याच इन्क्युबेटरमध्ये शेजारी आणखी एक डिश होती, सुजाने आदल्या सकाळी लावलेली, वेगळ्याच शेळ्यांची. तीही तशीच. मग शंकेला जागाच कुठे उरली? कुणी यायच्या आत मी दोन्ही टाकून दिल्या.

बू हमद बाहेर खुर्चीवर वाट बघत होते. मी सांगितलं होतं म्हणून ऊद न लावता आले होते. माझा चेहरा बघून त्यांनी एवढंच विचारलं, "खलास?"

कधी कधी बीजं पिकतच नाहीत, असं म्हणता आलं असतं. तेही खोटंच, पण त्याने कुणी दुखावलं नसतं. मी मात्र विचारलं — का विचारलं असेन? — की कापल्यावर लगेच निघालात का?

त्यांनी मान खाली घातली. जुन्या अरबांना येतं तसल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "थोडा बैठा था उसके पास."

आणि मी तेच उचललं. मी म्हणाले, "वही तो. सीधा आना चाहिए था."

उशीर झालाच नव्हता. मला माहीत होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला — तोच हात — आणि माझी माफी मागितली. माझी मेहनत त्यांनी फुकट घालवली म्हणून! आणि मी त्यांना माफ केलं. "कोई बात नहीं," असं म्हणाले. त्याची लाज मला त्या खोट्याहूनही जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन खरं सांगता आलं असतं. त्यानंतरही कितीदा तरी. मी गेले नाही. भीती नोकरीची होती की सुजाची? खरं तर सुजाचीच.

गेल्या महिन्यात बू हमद पुन्हा आले. दुसरी एक लाडकी शेळी विषबाधेने अखेरच्या घटका मोजत होती. कंदोऱ्यावर, म्हणजे त्यांच्या त्या पांढऱ्या झग्यावर, रक्त तसंच होतं. थर्मास छातीशी धरलेला. धापा टाकत, पण शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने म्हणाले, "इस बार बैठा नहीं, डॉक्टर. काटा और सीधा आया. मुँह भी नहीं देखा उसका."

मी थर्मास घेतला.

"अच्छा किया," मी म्हणाले.